शटरवाल्या अण्णांना, नवी पेठेतून

अण्णा,
स. न. वि. वि.

पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात आणि म्हणालात, "फोनवर बोलायचे कसले पैसे ओ अक्का?" मग माझ्या हातात उरलं एवढंच, की चार लोकांदेखत तुमचे आभार मानावेत. सोलापुरातल्या कितीतरी घरांतली पोरं आज बर्फाच्या मुलखात संसार करतात. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या लेकीला तिच्या गॅरेजच्या दाराबद्दल फोनवर जे सांगितलंत ते त्यांच्या आईबापांच्या कानावर पडलं तर कुणाचं तरी दार, नाहीतर कुणाचा तरी हात वाचेल.

गड्ड्याची जत्रा भरली होती. दुकानात चादरी, टॉवेल घेणाऱ्यांची गर्दी, आणि नेमकं शटर जड झालेलं. तुम्ही शिडीवर होतात, तेवढ्यात लेकीचा फोन आला. ती मिनियापोलिसजवळ राहते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तिच्याकडे सकाळचे सात. आपल्याला १३ अंशांवर पारा आला की कानटोप्या निघतात. तिच्याकडे त्या दिवशी उणे २५ होता. जावई परगावी, लेकराला पाळणाघरात सोडून कामावर जायचं, गाडी गॅरेजात आणि गॅरेजचं दार उघडेना. मोटर घुंऽऽ करायची, दार जरासं कुरकुरायचं आणि थांबायचं. ती परत बटण दाबायची.

तुम्ही वरूनच ओरडलात, "बटण सोडायला सांगा आधी!"

मग खाली उतरलात, हात पुसलेत आणि फोन घेतलात. "असलं दार मी कधी हाताळलेलं नाही पोरी, पण स्प्रिंग, चाक आणि चॅनेल मला कळतं. कॅमेरा फिरव," हे तुमचं पहिलं वाक्य. मला ते फार आवडलं. ज्याला सगळंच येतं असा माणूस मला दुकानात रोज भेटतो.

तिथलं दार आपल्या शटरसारखं पाइपावर गुंडाळत नाही. चार-पाच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधून त्या छोट्या चाकांवर वर जातात आणि छताखाली आडव्या होतात. दाराच्या डोक्यावर एक दांडा, त्यावर पीळ दिलेल्या दोन जाड स्प्रिंगा. हे सगळं तुम्ही मिनिटभर नुसतं बघत राहिलात. मग विचारलंत, "रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज आला होता का?" लेक म्हणाली, नाही. "टॉर्च मार, दोन्ही स्प्रिंगा नीट बघ. वेटोळ्यांत कुठं दोन बोटांची फट दिसते का?" तीही नव्हती. तुम्ही मान हलवलीत. स्प्रिंग तुटली की आवाज होतोच, आणि तुटल्यावर वेटोळी एकमेकांपासून सरकून मध्ये फट पडते, हे तेव्हा मला कळलं. थंडीत पोलाद आखडतं, त्याचा लवचिकपणा कमी होतो, आणि आधीच दमलेली स्प्रिंग बहुधा अशाच गारठलेल्या सकाळी पहिल्या उघडीला जाते.

"आता खाली बघ." आणि तिथंच दुखणं सापडलं. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी असते, वारा आणि पाणी आत येऊ नये म्हणून. आदल्या रात्री गाडीच्या चाकांना आणि पोटाला चिकटून आलेला बर्फ आत वितळला. गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार, म्हणून पाणी तिकडे गेलं आणि पहाटेपर्यंत रबरासकट गोठून बसलं. दार अक्षरशः जमिनीला चिकटलं होतं. मोटरीला वाटतं, मध्ये काहीतरी अडकलंय, म्हणून ती थांबते. तशी तिची सोयच केलेली असते. पण बटण दाबत बसलं की एक तर रबर फाटतं, नाहीतर मोटरीचे दाते जातात.

लेक म्हणाली, उकळतं पाणी ओतते. तुम्ही म्हणालात, "आणि ते पाणी कुठं जाईल? तिथंच गोठेल परत." मीठ टाकू का म्हटलं, तर "मीठ लोखंड खातं". शेवटी केस वाळवायचा ड्रायर, आणि बर्फ खरवडायला धारदार काही न घेता तिचं डोशाचं लाकडी उलथणं! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सोळा फूट, सावकाश. वितळलेलं पाणी लगोलग फडक्यानं टिपायचं. तुम्ही फोन माझ्या हातात देऊन परत शिडीवर गेलात, आणि दर थोड्या वेळानं वरून विचारत होतात, "कुठवर आली?"

रबर सुटल्यावर मला वाटलं, झालं. तुम्हाला तसं वाटलं नाही, आणि माझे खरे आभार इथपासून पुढच्या भागाचे आहेत. मोटरीपासून लोंबणारी लाल दोरी तुम्हाला दिसली होती. लेक म्हणाली, ती वीज गेल्यावर दार हातानं उघडायला असते. "म्हणजे मोटरीचा संबंध तोडते. दार पूर्ण खाली टेकलंय ना?" हे तुम्ही दोनदा विचारलंत आणि मगच दोरी ओढायला लावलीत. दार वर असताना, त्यातून स्प्रिंग गेलेली असताना, कुणी ती दोरी ओढली तर सगळं वजन धाडकन खाली येतं. आणि ते वजन थोडंथोडकं नसतं. दोन गाड्यांच्या गॅरेजचं लोखंडी दार सत्तर-ऐंशी किलोंचं सहज भरतं.

तुम्ही शेजाऱ्याला बोलवायला लावलंत. दोघांनी दोन बाजूंनी दार कमरेइतकं उचललं. "आता हात ढिले करा, पण सोडू नका. बोटं फळ्यांच्या फटीपासून लांब." दार जिथं आहे तिथंच थांबायला हवं होतं, ते खाली सरकायला लागलं. तुम्ही लगेच म्हणालात, "स्प्रिंग दमलीय. दार मोटर उचलत नाही पोरी, स्प्रिंग उचलते. मोटर नुसती ओढते." इतकी वर्षं दुकान चालवते मी, शटर रोज उघडते, पण वजन कोण पेलतं याचा विचार कधी केला नव्हता.

दोघांनी धरून दार वर नेलं, गाडी बाहेर काढली, धरूनच खाली आणलं. मग जावयाचा फोन आला. यूट्यूबवर बघून स्प्रिंग मी बदलतो म्हणाला. तुम्ही एरवी कुणाशी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवलात. "ते पीळ दिलेलं लोखंड आहे साहेब. सुटलं तर हात घेऊन जाईल. तिथला माणूस बोलवा, त्याच्याकडं पीळ द्यायचे दांडे असतात." स्वतःच्याच धंद्याची इतकी भीती बाळगणारा मिस्त्री भेटणं हे भाग्यच.

तिथला कारागीर आला आणि त्यानं तुमचंच निदान सांगितलं. साधारण स्प्रिंग दहा हजार वेळा उघड-मीट होईल अशा बेतानं बनवलेली असते. दिवसातून चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. लेकीचं घर आठ वर्षांचं. त्यानं दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलल्या, कारण एक दमली की दुसरीही त्याच वयाची असते.

ग्रीसचंही त्यानं तेच सांगितलं. जावयानं उन्हाळ्यात हौसेनं दोन्ही चॅनेलमध्ये जाड ग्रीस भरलं होतं. तुम्ही ते फोनवर बघूनच कपाळाला हात लावलात. "थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं का नाही? तसंच हे." चाकं त्या थिजलेल्या ग्रीसमधून रेटत न्यायची म्हणजे मोटरीवर दुप्पट भार. चॅनेल फक्त फडक्यानं कोरडं पुसायचं. चाकांच्या बेअरिंगला, बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगवर थंडीत न थिजणारा सिलिकॉनचा फवारा, तोही हलका. रबराच्या पट्टीलाही सिलिकॉनच; पेट्रोलियमचं तेल लागलं तर रबर खराब होतं. गंमत बघा, आमच्या दुकानाच्या शटरलाही तुम्ही चॅनेलमध्ये ग्रीस घालू देत नाही, पण ते आपल्याकडच्या फुफाट्यामुळं. धूळ ग्रीसमध्ये बसते आणि महिन्याभरात कीट होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर आणि त्यांच्याकडे जानेवारीत उणे २५, तरी चॅनेल कोरडं ठेवायचं ही गोष्ट दोन्हीकडे तीच.

"लोखंड आखडतं" हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब करून बघितला. पोलादाचा एक मीटर एका अंशाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त आकसतो. सोळा फुटी दार, उन्हाळा आणि हिवाळ्यात ५० अंशांचा फरक: जवळजवळ तीन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण आधीच वाकड्या असलेल्या चॅनेलला तेवढं पुरतं.

पुढच्या आठवड्यात तिचं दार वर गेलं आणि खालीच येईना. या वेळी तिनं मला फोनही केला नाही, स्वतःच शोधलं. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत एकमेकांकडे बघणारे दोन छोटे डोळे असतात. मध्ये मूल किंवा मांजर आलं तर दार थांबतं. त्यांच्या काचेवर दव गोठलं होतं. मऊ कापडानं पुसलं, दार आलं. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना दाराखाली काही आलं तर ओळखायची अशी सोय सक्तीची आहे, कारण दाराखाली सापडून लहान मुलं गेली होती. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही पटकन म्हणालात, "मग आपल्या मोटरवाल्या शटरला हे का लावत नाहीत?" अण्णा, मलाही तोच प्रश्न आहे. नव्या इमारतींच्या पार्किंगला आता मोटरीची शटरं बसतायत, पोरं त्याच्याखाली खेळतात. तुम्ही बसवाल तिथं गिऱ्हाइकाला एवढं सांगाच. दोन पैसे जास्त पडले तरी पडू देत.

बाकी लेकीनं आता बारीकसारीक लावून घेतलंय. गाडी आत घेण्याआधी चाकांचा बर्फ झाडायचा, रात्री दारापाशी साचलेलं पाणी रबरी पट्टीच्या झाडूनं बाहेर काढायचं, बाहेर घसरू नये म्हणून मिठाऐवजी वाळू, रिमोटचे सेल घरात उबेला ठेवायचे कारण गारठ्यात ते लवकर मान टाकतात. थंडी सुरू व्हायच्या आधी, दर ऑक्टोबरात, दोरी ओढून दार अर्ध्यावर थांबतं का ते बघायचं. तिनं याची यादी फ्रिजवर चिकटवलीय आणि वर लिहिलंय, 'अण्णा मामांनी सांगितलेलं'.

आता कामाचं. आमच्या शटरचं बिल तुम्ही अजून दिलेलं नाही. फोनचे धरू नका हवं तर, पण पट्ट्यांचे, बेअरिंगचे आणि गर्दीत तीनदा शिडी चढलात त्याचे पूर्ण धरा. शेजारच्या भांड्यांच्या दुकानाचं शटरही कुरकुरतंय, त्यांना तुमचंच नाव सांगितलंय. त्यांच्याशी घासाघीस करू नका, ते करतीलच. आणि लेकीनं तुमच्यासाठी त्या सिलिकॉनच्या फवाऱ्याचा डबा आणायचा म्हटलं होतं, पण विमानात तो चालत नाही. त्याऐवजी काय आणू असं विचारतेय. लाजू नका, सांगा.

तुमची,
नवी पेठेतली चादरवाली अक्का