बारा मोटांच्या विहिरीवर एक तरी मोट हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटांची विहीर हल्ली सुट्टीच्या दिवशी माणसांनी फुललेली असते. आनंद आहे. लोक पायऱ्या उतरतात, दगडात कोरलेले वाघ-सिंह मोबाईलमध्ये घेतात, आतल्या महालात फोटो काढतात आणि महामार्गाला लागतात. महाल देखणाच आहे. पण ही विहीर बांधली ती पाण्यासाठी हो! मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची कातडी पिशवी. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 दरम्यान, वीरूबाई भोसले यांनी ती आमराई भिजवायला बांधून घेतली. खोली सुमारे 110 फूट. जागा पंधरा मोटांची, एका वेळी चालायच्या बारा.

परवा काठावर एका कॉलेजच्या पोरानं मला विचारलं, "काका, मोटा डिझेलवर चालायच्या का?" त्याला हसून काय उपयोग? शके-सन वाचून मोट कळत नाही.

माझे वडील मोट हाकायचे. बैल धावेवरून, म्हणजे त्यांच्या उतरत्या वाटेवरून, उताराला लागले की ते नाड्यावर, म्हणजे मोट ओढायच्या जाड दोरावर, बसायचे, अंगाचं वजन द्यायला. मोट वर आली की सोंदुराच्या (खालच्या बारीक दोराच्या) ओढीनं सोंड, म्हणजे मोटेचं निमुळतं तोंड, काठावरच्या थारोळ्यात (दगडी कुंडात) यायची, पाणी भसकन पडायचं आणि पाटाला लागायचं. मग बैल मागं सरत पुन्हा वर. कातडं वाळलं की तडकायचं, म्हणून मोट भिजत ठेवायची. नाडा कुठं झिजलाय का, हे वडील सकाळी बैल जुंपायच्या आधी हातानं चाचपून बघत. आमच्या एका मोटेची ही तऱ्हा. लिंबला निदान बारा जोड्या एकाच काठावर, एकीचा नाडा दुसरीत न गुंतता चालायच्या. ही मांडणी ज्यानं आखली त्याची अक्कल मला महालापेक्षा मोठी वाटते.

म्हणून संबंधितांना विनंती, की मूळ दगडाला धक्का न लावता विहिरीच्या आवारात चाक, नाडा, सोंदूर यांसकट एक मोट उभी करावी. बैल नकोत, सहलीची पोरं ओढतील आणि मजेनं ओढतील. तरुणपणी मोट हाकलेली म्हातारी माणसं आसपासच्या गावांत अजून आहेत, जोडणी त्यांना विचारून करावी आणि लवकर करावी. (पाण्यात बाटल्या टाकणाऱ्यांना दंडही करा, पण तो विषय वेगळा.)

आमच्या गोठ्याच्या माळ्यावर मोटेचं जुनं चाक कण्यासकट पडून आहे. कुणी बसवणार असेल तर खुशाल घेऊन जावं, पैसे नकोत.

– एक शेतकरी, सातारा तालुका