तास संपेपर्यंत पालकांना थांबवलंत, सर

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

निरोप समारंभात आम्ही शाल-श्रीफळ दिलं, भाषणं केली आणि प्रत्येक भाषणात तुम्ही 'शिस्तप्रिय' आणि 'मनमिळाऊ' होतात. तुमच्या आधीच्या मुख्याध्यापकांनाही हेच शब्द मिळाले होते, पुढच्यांनाही मिळतील. आभार नेमके कशाबद्दल, ते मात्र राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. जाहीर लिहितेय, कारण इतर शाळांतल्या शिक्षकांनी आणि जमलं तर मुख्याध्यापकांनीही ते वाचावं असं वाटतं.

पहिले आभार पाचवीच्या वर्गासाठी. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. आमच्या सत्तरी तालुक्यात आजही पुष्कळ मुलं चौथीपर्यंत अशाच शाळेत शिकतात आणि पाचवीला हायस्कुलात येतात ती थेट इंग्रजी माध्यमात. चौथीत पाढे घडाघडा म्हणणारी पोर पाचवीत गणिताच्या तासाला मान खाली घालून बसते. यावरून स्टाफरूममध्ये दोन तट होते. एकांचं म्हणणं, पहिल्या दिवसापासून इंग्रजीच बोला, सवय होईल. दुसऱ्यांचं म्हणणं, कळतच नाही ते शिकवून उपयोग काय? मी दुसऱ्या बाजूची, पण तेव्हा लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर होते. लेक्चर बेसिसवरच्या माणसाला स्टाफ मीटिंगमध्ये मत नसतं, फक्त सही असते.

त्या मीटिंगमध्ये तुम्ही काहीच ठरवलं नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसलात. हातात निरीक्षणाचा फॉर्म नाही, काही नाही. शेजारच्या मुलाची वही पुढे ओढलीत आणि त्याच्याबरोबर गणित सोडवायला लागलात. पुस्तकातलं उदाहरण वाचून तो नुसता पेन चावत होता. तुम्ही तेच उदाहरण हळू आवाजात मराठीत सांगितलंत: वाळपईच्या बाजारात नारळ इतक्याला, इतके घेतले, पाचशेची नोट दिली. त्याने उत्तर आधी सांगितलं आणि रीत मागाहून लिहिली. तास सुटल्यावर दारात मला म्हणालात, "मागच्या दोन बाकांवरची मुलं फळ्यावरचं उतरवून घेतात, सोडवत नाहीत. लक्षात आलंय ना तुमच्या?" आलं होतं. पण ते मुख्याध्यापकांनाही दिसतं, हे मला नवीन होतं.

मग 'इंग्रजीच' म्हणणाऱ्यांनाही तुम्ही एकेक करून त्याच बाकावर बसवलंत. सगळ्यांची मतं बदलली असं मी म्हणणार नाही, एक-दोघांची आजही तीच आहेत. पण सहामाहीपर्यंत गणित आणि विज्ञान आधी मराठी-कोकणीतून समजावायचं आणि मग इंग्रजीत लिहून घ्यायचं, असं ठरलं. ते तुम्ही तुमच्या सहीने लेखी काढलंत. त्या सहीची किंमत पुढे कळली. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाचवीच्या वहीतली मराठी पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते मी सांगितलंय." शिकवणारीचं नाव तुमच्या तोंडून आलंच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं आलं. तुम्ही तो परिच्छेद छापून स्टाफरूमच्या फलकावर लावलात आणि त्याबद्दल कुणाशी एक शब्दही बोलला नाहीत. (एवढा संयम मला कधीच जमला नसता.)

दुसरे आभार पालकांना थांबवल्याबद्दल. तास चालू असताना कुठल्याही कारणासाठी शिक्षकाला वर्गातून बोलवायचं नाही, हे तुम्ही शिपायापासून क्लार्कपर्यंत सगळ्यांना बजावलं होतं. एकदा एक पालक मुलीच्या गुणांवरून तावातावाने आले. आवाज वरच्या मजल्यापर्यंत येत होता. तुम्ही त्यांना केबिनमध्ये बसवलंत, चहा पाजलात आणि घंटा झाल्यावरच मला निरोप धाडलात. मी आले तेव्हा मुलीचा पेपर टेबलावर उघडा होता आणि अर्ध्या प्रश्नांवरून तुमची त्यांच्याशी चर्चा होऊन गेली होती. त्यांच्यासमोर तुम्ही माझी बाजू घेतली नाहीत की मला बोलही लावला नाहीत. "टीचर, हा तिसरा प्रश्न कसा तपासलात ते यांना सांगा," एवढंच. ते शांतपणे ऐकून गेले.

सोहळ्यांच्या वेळीही तेच. कुठे खुर्च्या भरायला शिक्षक आणि मुलं हवी असली की फोन यायचे. शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम तुम्हाला तोंडपाठ होतं: जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. तुम्ही ते इतक्या गोड आवाजात सांगायचात की समोरच्याला रागावताही यायचं नाही. निवडणुकीची ड्युटी मात्र कधी टाळू दिली नाहीत.

तिसरी गोष्ट लिहायला थोडी जड जाते. आई बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ॲडमिट होती तेव्हा माझा दहावीचा वर्ग ऐन उजळणीत होता. रजेचा अर्ज घेऊन आले तर तुम्ही तो न वाचताच सही केलीत आणि दहावीचे तास स्वतः घेतलेत. परत आले तेव्हा हजेरीपटात एक चिठ्ठी होती. कुठल्या उदाहरणापर्यंत आलात, कुठला भाग घाईत झाला आणि खाली तीन मुलांची नावं: "यांना समरूप त्रिकोण कळलेले नाहीत. मला समजावता आले नाहीत, तुम्ही बघा." बी.एड.ला शाळा व्यवस्थापनावर मी पानंच्या पानं लिहिली होती, त्यात असं काही नव्हतं.

2025 मध्ये सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले. सत्तरीत ते दिवस काजूचे. घरंच्या घरं बागायतीत, वर्गात उकाडा, आणि सुट्टी गेली म्हणून आम्ही शिक्षकही चिडलेलो. तुम्ही कुणाला उपदेश केला नाहीत. जड विषय पहिल्या तासांना आणलेत आणि गैरहजर मुलांच्या घरी आधी तुम्ही स्वतः जाऊन आलात, मग आम्हाला जायला सांगितलंत. प्रशिक्षणाचंही तसंच. जो जाऊन येईल त्याने कामाची एक गोष्ट स्टाफरूममध्ये इतरांना करून दाखवायची आणि त्या दिवशीचे भजी-पाव तुमच्याकडून. काही प्रशिक्षणांतून कामाचं काहीच मिळायचं नाही. तेव्हाही भजी-पाव व्हायचे.

तक्रारही लिहून ठेवते, नाहीतर पत्र खोटं वाटेल. तुमच्या शनिवारच्या मीटिंगा फार लांबायच्या. वाळपईची बस चुकली की आम्हा बायकांचं पुढचं सगळं कोलमडायचं, आणि हे तुमच्या लक्षात यायला बराच काळ गेला. लक्षात आल्यावर मात्र मीटिंग मधल्या सुट्टीनंतर घ्यायला लागलात.

आता एक काम. पाचवीसाठी आपण तयार केलेल्या मराठी-इंग्रजी उदाहरणांची निळी फाईल तुमच्या सामानाबरोबर घरी गेलीय, असं क्लार्क सांगतात. नव्या मॅडमनी ती मागितलीय, तुमचा लेखी आदेशही त्यांनी चालू ठेवलाय. नवी पाचवी यायच्या आत ती कुणाकडे तरी पाठवून द्या. नाहीतर स्वतःच घेऊन या, शेवटचा बाक रिकामा आहे.

आपली,
गणिताची टीचर,
सत्तरी, गोवा