बारशाला आईच्या पातळाची गोधडी द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बारशाला काय भेट द्यावी यावर मोठ्ठा लेख आला होता, पूर्ण वाचला. सगळं ऑनलाइन मागवायचंच दिलंय, खेळण्यांचे सेट, नाव छापलेली उशी, फोटोफ्रेम. हौस असेल त्यांनी जरूर घ्यावं, पण महाराष्ट्रातल्या पेपरात बारशाचा विषय निघतो आणि त्यात गोधडीचं नावसुद्धा नाही हे मनाला लागलं म्हणून लिहितेय.

माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा मी आईच्या नऊवारी पातळाची गोधडी शिवून दिली. वडील लालबागला कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले त्यात तेही होते, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही कधी, त्यामुळे आमच्या घरात गिरणीचं जे काही कापड आहे ते सगळं त्याच्या आधीचं. आईची पातळं धुवून धुवून इतकी मऊ झालीत की हातात घेतली तरी जाणवत नाहीत. त्यातलं एक मात्र तिने कधी नेसलंच नव्हतं, टोकाला गिरणीचा निळा शिक्का तसाच होता. तो तुकडा मी गोधडीच्या वरच्या बाजूला कोपऱ्यात लावला. एका धुण्यात शिक्का पुसट झालाय पण अजून दिसतो. भाचीला तिच्या आजोबांचं काम म्हणजे नक्की काय होतं ते फक्त ऐकून माहीत होतं, आता तिची मुलगी त्यावर झोपते.

करणं अवघड नाहीये हो, वेळ लागतो एवढंच. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, आपल्याकडच्या हवेत बाळाच्या गोधडीला तीन-चार थर भरपूर होतात म्हणजे एका पातळात दोन बाळांचं काम होतं (घरात जुळी असतील तर उत्तमच). कापड सुतीच घ्या, नायलॉन किंवा टेरिलीन नको, घाम येतो आणि थर एकमेकांवरून सरकतात. जरीचा काठ असेल तर सरळ कापून टाका, बाळाला टोचतो. साधा रंगीत काठ ठेवायला हरकत नाही पण आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून बघा रंग जातोय का. ट्रंकेतल्या कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो, गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवल्याशिवाय हात लावू नका. मग खाली मांजरपाट अंथरायचं, त्यावर थर एकावर एक, सुरकुती हाताने काढत काढत, चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर डबे ठेवायचे, लांब कच्चे टाके घालून घ्यायचे आणि कडेपासून धावदोरा सुरू करून गोल गोल आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. अंगुस्तान घाला, चार थरांतून सुई ढकलताना बोटाची चाळण होते. माझ्या ओळी काही सरळ रेषेत नाहीत आणि मला त्या तशाच आवडतात. पातळाला एका ठिकाणी आईने रफू केलेलं होतं, ते मुद्दाम वर येईल असं ठेवलं, तिच्या हातचे टाके आहेत ते.

आणि एक, तान्ह्या बाळाच्या अंगावर जाड पांघरूण घालू नका, तोंडावर आलं तर धोका असतो. गोधडी खाली अंथरायला द्या, बाळ मोठं झालं की पांघरेल.

हे फक्त गिरणीवाल्यांच्याच घरातलं आहे असं नाही. कुणाकडे आजीचं इरकल असेल, कुणाकडे आजोबांची धोतरं, खणाच्या चोळ्या. आपल्या शेजारी कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी शिवतात, तीही अशीच जुन्या कपड्यांची, कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. फार सुंदर दिसतं, मी दुसऱ्या गोधडीला तशीच लावणार आहे.

घर आवरताना पातळांचं गाठोडं बोहारणीला देऊन टाकतात आणि एखादं पातेलं घेतात. बोहारणीचं पोट त्यावर आहे, तिला बाकीचे कपडे द्या, पण घरातलं एकतरी सुती पातळ मागे ठेवा अशी सगळ्यांना कळकळीची विनंती. स्वतःला शिवता येत नसेल तर गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्याशी घासाघीस करू नका. दिवसदिवस मांडी घालून, मान खाली घालून केलेलं काम असतं ते, पाठ धरते, डोळे जातात, आणि तेच लोक मॉलमध्ये मशीनच्या रजईला बोर्डावरची किंमत मुकाट्याने देतात हे बघून वाईट वाटतं.

तुमच्या पुरवणीत याच्यासाठी अर्धं पान द्याल का? वाचकांनी आपापल्या घरातल्या गोधडीचा फोटो पाठवावा, कुठलं कापड कुणाचं ते दोन ओळीत लिहावं, आणि शिवणाऱ्या बायकांची हरकत नसेल तर त्यांचा गाव आणि फोन नंबर खाली छापावा. दिवाळीच्या आधी छापलंत तर त्यांना थंडीच्या ऑर्डरी मिळतील.

आपली,
एक वाचक, डोंबिवली