खुडूक कोंबडी बघून ठेव, अंडी घेऊन येतोय

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर काही नीट बोलणं होत नाही, एकतर रेंज जाते नाहीतर बाबा मधेच बिल वाढतंय म्हणून ठेवून देतात (बाबा, बिल वाढत नाही हो आता, महिन्याचा रिचार्ज असतो), म्हणून लिहितोय. सुमीकडून वाचून घ्या, आणि तिला सांगा मधलं गाळू नको.

काम एकच आहे. दिवाळीला येताना मी कडकनाथची, म्हणजे इकडच्या त्या काळ्या कोंबडीची अंडी आणतोय, आई तू तोपर्यंत ती उबवायला बसेल अशी एक खुडूक कोंबडी बघून ठेव. खुडूक काय कॅलेंडर बघून होत नाही हे मला माहितीये, पण खालच्या वाडीतल्या काकूंना आत्ताच सांगून ठेवलंस तर त्या त्यांच्या दोन-तीन कोंबड्यांखालची अंडी उचलणार नाहीत, आठ-दहा साठली की एखादी तरी बसेल.

तू म्हणालीस अंडी कशाला, दोन कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन ये. नको. एकतर इथे झाबुआला स्टेशन नाही, मेघनगरला जाऊन गाडी पकडायची, मुंबईत बदलायची, मग चिपळूण, एवढ्या प्रवासात कोंबडी अर्धी होते. आणि दुसरं म्हणजे लांबच्या कोंबडीबरोबर काय रोग येईल सांगता येत नाही. इथल्या एका फार्मला धोनीने २००० पिल्लांची ऑर्डर दिली होती, पेपरात पण आलं होतं, आणि २०२१ च्या जानेवारीत नेमका तिथेच बर्ड फ्लू निघाला, सगळ्या कोंबड्या माराव्या लागल्या. अंड्यातून काहीच येत नाही असं नाही, पण त्यातल्या त्यात बरं.

आता माझी फजिती ऐका. बँकेतून आल्यावर इथे करायला काही नाही, घरामागे परडं आहे, म्हणून गेल्या वर्षी हौसेने सहा कोंबड्या आणि एक कोंबडा घेतला. दिसायला काय सुंदर जात आहे आई, तुरा काळा, चोच काळी, पाय, नखं, जीभसुद्धा काळी, आणि उन्हात उभा राहिला की पिसांवर हिरवट झाक मारते. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं, हे ऐकून आपल्या सगळ्या पाहुण्यांचा हिरमोड होतो. अंडी तशी कमीच, वर्षाला शंभराच्या आतबाहेर. मी म्हटलं पिल्लं काढू, आणि ऑनलाइन पन्नास अंड्यांचं मशीन मागवलं. तीस अंडी लावली. काट्यावर साडेसदतीस डिग्री दिसायचं पण आत काय होतं देवाला ठाऊक, त्यात तीनदा लाइट गेली, चार पिल्लं निघाली आणि त्यातलं एक पायाने वाकडं. ही म्हणाली एवढ्या पैशात बाजारातून तीस पिल्लं आली असती. बरोबरच होतं, म्हणून जास्त राग आला.

मग म्हटलं आई करते तसंच करू. एक कडकनाथ कोंबडी बसल्यासारखी वाटली, तिच्याखाली बारा अंडी ठेवली, नवव्या दिवशी महाराणी उठल्या आणि परत फिरकल्याच नाहीत. अंडी गार. तेव्हा मागच्या फळियातली (इथे वाडीला फळिया म्हणतात) एक भिलाला आदिवासी बाई आली, माझी अवस्था बघून हसली आणि म्हणाली, ये नहीं बैठेगी साब, ये अंडा देती है, माँ नहीं बनती. ह्या लोकांकडे ही जात पिढ्यान् पिढ्या आहे, ते हिला कालीमासी म्हणतात, देवाला देतात, पाहुण्याला करतात, आणि पिल्लं काढायला मात्र बऱ्याचदा साधी गावठी कोंबडी बसवतात. सगळ्याच कडकनाथ अशा नसतात, पण माझ्या सहातली एकही धड बसली नाही. संध्याकाळी ती बाई तिची तांबडी खुडूक कोंबडी काखेत मारून घेऊन आली.

अंधार पडल्यावर बसवली, तू बसवायचीस तशी. टोपलीत गवत, खाली चिमूटभर राख, आणि मी कोपऱ्यात एक खिळा पण ठेवला. वीज कडाडली की अंडी नासतात म्हणून तू लोखंड ठेवायचीस ना. ऑक्टोबरात कुठली वीज, पण ठेवला. सातव्या रात्री टॉर्चवर अंडी बघितली, दोन निवळ होती, आत पिल्लू धरलंच नव्हतं, ती काढली. तू मूठ करून उन्हासमोर धरायचीस आणि नुसतं बघून सांगायचीस हे भरलंय हे फुसकं, मला टॉर्च लावूनसुद्धा तिसऱ्यांदा कळत होतं. एकविसाव्या दिवशी सकाळी बघतो तर तांबड्या कोंबडीच्या पंखाखालून कोळशाच्या तुकड्यासारखी डोकी बाहेर. दहातली नऊ निघाली आई! मशीनच्या पिल्लांना मी बल्ब लावून रात्री दोनदा उठून बघायचो, बल्बखाली गोळा झाली की थंडी वाजतेय, कडेला पळाली की गरम होतंय, वर घ्या, खाली घ्या. हिने सगळं न सांगता केलं. घार आली की एकच आवाज काढायची आणि नऊच्या नऊ गायब. एक नंतर मांजराने नेलं, ते आमच्याच चिमीने लाडावलेलं मांजर, तेव्हा त्यावर आपण बोलायला नको.

मानमोडीची लस मात्र ह्या वेळी विसरायची नाही. तुझ्या पंधरा कोंबड्या एका आठवड्यात गेल्या होत्या तेव्हा आजी म्हणाली नजर लागली. नजर कसली, रानीखेत होता तो. सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आठ आठवड्यांनी पंखाखाली इंजेक्शन, बस. भानगड एवढीच की बाटली शंभर पिल्लांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, पुन्हा ठेवता येत नाही. माझी पिल्लं आठ! मग रविवारी फळियात निरोप दिला, बायका डालग्यातून, पदरातून, एक पोरगा तर हेल्मेटमधून पिल्लं घेऊन आला, मी थर्मासमध्ये बर्फ घालून बाटली ठेवलेली, ओळीने थेंब टाकत बसलो. तुमचा बँक मॅनेजर. तिकडे पण तसंच करू, तू वाडीतल्या बायकांना आधी सांगून ठेव, बाटली मी चिपळूणच्या सरकारी दवाखान्यात विचारून आणतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाठवलंत की कडकनाथ खाल्लं की शुगर जाते, हार्ट साफ होतं. चरबी कमी असते हे खरं, मांस चांगलंच असतं, झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय (ही ह्याच भागाची म्हणून सरकारी नोंद) पण मिळालाय, पण म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि ते जे तुम्ही विचारत होतात की सांगलीकडे लोक बुडाले ते हेच का, तर हो. २०१९ ची गोष्ट. कंपनीने पिल्लं महाग विकायची, वाढवलेली आम्हीच परत घेऊ म्हणायचं, आणि मग गायब. त्यात कोंबडीचा काय दोष. माझं म्हणणं, हे विकायला करायचंच नाही. परड्यात आठ-दहा असाव्यात, घरात अंडी व्हावीत, एवढंच. अजून एक, कोणी स्वस्तात कडकनाथ म्हणून दिली तर घेऊ नका, हा काळेपणा असा जबर आहे की गावठीशी संकर झालेलं पिल्लू पण बऱ्याचदा काळपटच निघतं, भेसळ कळते ती पुढच्या पिढीत. म्हणून ह्यांना गावठी कोंबड्यापासून लांब ठेवावं लागेल, आणि दोनेक वर्षांनी कोंबडा बदलायचा, तो मी इथून दुसऱ्या घरच्या अंड्यातून देईन.

अंडी पंधरा आणीन, निघायच्या आधीच्या चार दिवसांतली. धुणार नाही, फ्रीजमध्ये नाही, टोक खाली करून तुसात भरून. घरी आल्यावर एक दिवस तशीच ठेवायची, मग रात्री बसवायची. त्यातली बारा-तेरा ठेवू, लहान असतात. पावसात आणली असती तर ओलीने रक्ताची हगवण लागली असती, दिवाळीनंतर बसवली की पिल्लं कोरड्या थंडीत वाढतील.

खुराडं तेवढं बघा. मी मे महिन्यात आलो तेव्हा त्यात बाबांनी नारळाची सोडणं भरून ठेवली होती. ती काढा. फळ्या ठीक आहेत पण खालून मुंगूस शिरेल एवढी फट आहे, तिला अर्ध्या इंचाची जाळी मारायला सांगा, ती मोठ्या भोकाची कोंबडी जाळी नको, त्यातून मुंगसाचं पोर आरामात जातं. दाराचा कोयंडा पण गंजलाय. बाबा, दुकानात तुम्ही स्वतः जा, रिक्षाने जा, टीव्ही थोडा वेळ बंद राहिला तर चालेल.

गुडघा दुखतो म्हणून आई तू वाकायचं नाहीस, खुराडं कमरेएवढ्या चार खांबांवर चढवू, मी आलो की पहिलं तेच करतो. कणी आहे का घरात की सगळी भाकरीत घातलीस? आणि ते तुझं मोठं डालगं खरंच भंगारवाल्याला दिलंस की माळ्यावर आहे ते नीट आठवून सुमीला लिहायला सांग, नसेल तर मी इथल्या हाटातून घेऊन येतो, इथे बांबूची चांगली मिळतात, पण मग गाडीत एका हातात अंडी, एका हातात डालगं, आणि चिमीला कोण धरणार.

तुमचा,
बाळू