किती फुटांना काय बुडतं? नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, नागपूर यांस,
स. न.

नरखेड तालुक्यात नाल्याकाठी माझी संत्र्याची बाग आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 प्रमाणे आपण जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, म्हणून थेट आपल्यालाच लिहितो आहे.

मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोगाची केंद्रं असतात. तिथे इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेली असते. नद्यांना पूररेषाही आखतात, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. आमच्या नाल्याला यातलं काहीच नाही. आणि दर पावसाळ्यात गाडी, माणूस, ढोर वाहून गेल्याच्या बातम्या येतात त्या रपट्यांवरच्या, म्हणजे खाली नळ्या टाकून बांधलेल्या ओलांडीवरच्या, आणि ठेंगण्या पुलांवरच्या.

गावाला मात्र पातळ्या ठाऊक आहेत. पाणी रपट्याच्या नळ्यांच्या तोंडाशी आलं की पलीकडच्या वावरातल्या मजुरांना परत बोलवायचं. रपटा बुडाला की शाळेची पोरं अडकतात, दूध अलीकडे येत नाही. महादेवाच्या देवळाची खालची पायरी बुडाली की काठच्या विहिरींवरच्या मोटारी गेल्याच. दुसरी पायरी बुडाली की खालच्या वस्तीत पाणी शिरतं, आणि बाळंतिणीला तालुक्याला न्यायला रस्ताच उरत नाही. पण हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, कागदावर कुठेही नाही. आणि रात्री लाईन गेल्यावर पायरी दिसत नाही.

नाल्याला नदीसारखा वेळ नसतो. जूनमध्ये भेगाळलेली काळी जमीन पाणी पिऊन घेते. पोळ्याच्या सुमारास, झड लागून गेल्यावर, तेवढाच पाऊस सरळ नाल्यात उतरतो आणि तास-दोन तासांत रपटा गाठतो. नळ्यांत पऱ्हाट्या आणि बेशरमाची झुडपं अडकली की आणखी फुगतो. पुढे मोठी नदीच दुथडी भरून वाहत असेल तर पाणी मागे तुंबतं, आणि गावात उघडीप असतानाही पातळी चढत राहते. लोक फसतात ते इथेच. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते, पण वरच्या मंडळात कोसळलेलं पाणी आमच्या दारात येतं तेव्हा आमच्या मंडळाचा आकडा काही सांगत नाही.

नुकसानही लगेच दिसत नाही. बागेत पाणी साचून राहिलं की बुंध्याला डिंक्या रोग लागतो आणि झाड पुढे हळूहळू वाळतं. पंचनाम्याच्या दिवशी ते हिरवंच असतं.

याच तालुक्यातल्या मोवाडमध्ये 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नाग नदी नागपूर शहरातल्या घरांत शिरली. पुराचं पाणी किती कमी वेळ देतं, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

मागणी एकच आहे. मृग लागण्याआधी रपट्याशेजारी आणि पुलाच्या खांबांवर फुटांच्या खुणांची पट्टी रंगवून द्या, बॅटरीच्या उजेडात चमकणाऱ्या रंगाने. लेव्हल मशीन घेऊन एक माणूस पाठवा. देवळाची पायरी, हातपंपाचा ओटा, शाळेचा उंबरठा पट्टीवर किती फुटांना येतात, ते तो काढून देईल. म्हाताऱ्यांना त्याच्यासोबत उभं करायची जबाबदारी आमची. मग किती फुटांना काय बुडतं याचा तक्ता ग्रामपंचायतीत लागेल. आमचे पोलीस पाटील वरच्या गावातून आकडा घेतील आणि खालच्या गावाला कळवतील. रपटा केव्हा बंद करायचा यावर काठावर उभं राहून वाद घालावा लागणार नाही. जोराच्या धारेत अर्धा फूट पाण्यातही मोठ्या माणसाचे पाय उखडतात, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात.

रपट्याच्या जागी उंच पूल हवाच. ती मागणी जुनी आहे आणि आम्ही ती सोडलेली नाही. पण त्याला निधी लागेल, वर्षं लागतील. पट्टीला रंगाचा डबा आणि एका दिवसाची मोजणी पुरते. पावसाळाभर पट्टी वाचून वहीत लिहायचं काम मी घेतो. त्या तक्त्यावर आपल्या कार्यालयाचा शिक्का तेवढा हवा. शिक्का असला तर रपट्यावर एसटी अडवणाऱ्या कोतवालाचं ड्रायव्हर ऐकेल.

आपला,
नरखेड तालुक्यातील एक संत्रा उत्पादक