अण्णांच्या नाकाचं काय करायचं?

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय विज्या,

दिवाळीत तुझा फोन आला, नंतर करतो म्हणालो, आणि केला नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आमच्या तब्येती बऱ्या. शुगर गोळीवर आहे, वैशालीचा गुडघा तसाच.

परवा सुमाताईचा फोन आला. अण्णा मे महिन्यात येतायत, आणि पहिल्याच शनिवारी आमच्याकडे जेवायला, हेही तिनं परस्पर ठरवून टाकलं. आणि इथे बेसमेंटमध्ये अण्णांच्या कारवीच्या मधाची बियर ठेवलीय. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथल्या लोकांना बियर कळते, अण्णा कळत नाहीत.

थांब, ओरडू नकोस. आईबरोबर पाठवलेली बाटली होती ना, तिच्यातला निम्माच मध घेतला. साडेसहाशे मिलीच्या बाटलीत मध नऊशे ग्रॅमच्या आसपास बसतो, म्हणजे निम्मी बाटली हा साधारण पौंडभर. पाच गॅलन बियरला तेवढा पुरतो. व्हाइट हाऊसच्या बियरमध्येही पौंडभरच होता. ओबामांनी तिथल्या हिरवळीवरच्या पेटीतला मध घालून बियर करवली होती, 2012 च्या सप्टेंबरात कृतीसुद्धा जाहीर केली. हे अण्णांना सांगून बघू का? म्हणतील, ओबामांच्या गळ्यात माळ आहे का?

आणि मला सांग, अण्णांनी आयुष्यभर मध भरला कशात? भंगारवाल्याकडून आणलेल्या बियरच्याच बाटल्यांत ना? तीन पाण्यांनी धुऊन, उन्हात पालथ्या घालून. त्यांनी बियरच्या बाटलीत मध घातला, मी मधाची बियर करून बाटलीत घातली. फरक किती? (बराच आहे, माहितीय.)

पण त्यांचा एक नियम मी पाळला. मध तापवला नाही. काकूंनी गोठलेली बाटली गरम पाण्यात ठेवली होती तेव्हा घरात काय झालं होतं, आठवतंय ना. इथे आमच्या ब्रूइंग क्लबात एक आजोबा आहेत, ते हटून बसले की मध उकळच, त्यात रानटी यीस्ट असतं. असतं खरं. मधात पाणी इतकं कमी की ते नुसतं झोपून राहतं, पातळ झालं की उठतं. पण उकळलं की वास वाफेबरोबर जातो. अरे, यीस्ट जोरात कामाला लागलेलं असताना जो वायू सुटतो, तोसुद्धा वास घेऊन जातो. म्हणून पहिला जोर ओसरू दिला, तोवर थोडं अल्कोहोल झालेलं असतं, आणि मग कच्चा मध सरळ फर्मेंटरमध्ये, म्हणजे बियर आंबते त्या भांड्यात, ओतला. बियरला कडवटपणा देणारी ती फुलं, हॉप्स, नावापुरती.

लोकांना वाटतं, मध घातला की बियर गोड होते. छे! माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, थोडी साखर तरी यीस्टला पचत नाही, मधातली ते जवळजवळ सगळी चाटूनपुसून खातं. बियर होते कोरडी आणि हलकी. त्यात कच्च्या मधातलं एन्झाइम माल्टची ती न पचणारी साखरही हळूहळू फोडत बसतं, म्हणजे झालं झालं वाटतं आणि होत नाही. बाटल्या घाईनं भरल्या तर फुटतात. म्हणून साखर किती उरली ते दाखवणारा हायड्रोमीटर 1.008 वर ठाण मांडून बसला तरी मी हलवलं नाही. होस्टेलवर तुझ्या करवंदाच्या वाइननं छत रंगवलं होतं ते मी विसरलेलो नाही. डिपॉझिट माझंही कापलं गेलं, त्यातले दीडशे अजून तुझ्याकडून येणे आहेत.

तर साखर गेली. उरला वास, आणि तो उरलाय की नाही यानंच माझी झोप उडालीय. ग्लासात ओतली की आधी भाजलेल्या पावाचा वास येतो. फेस बसला की खालून काहीतरी रानवट वर येतं, ओलसर, जरा कडवट, जावळीत पेटीचं झाकण उचलल्यावर यायचं तसं. निदान मला तसं वाटतं. वैशाली म्हणते, खोकल्याचं औषध. क्लबातले म्हणाले, फुलांचा वास आहे. कसल्या फुलांचा? तर, फुलांचा! सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यांना कुठून माहीत असणार? आपण जांभळाच्या मधात काकवी मिसळून दिली होती, तेव्हा बोटही न लावता अण्णांनी ओळखली होती. कारवी ओळखेल असं नाक मला जगात एकच माहीत आहे, आणि त्या नाकाखालच्या गळ्यात तुळशीची माळ.

घ्राणेन अर्धभोजनम् म्हणतात. मग वास घेतला तर अर्धी बियर प्यायली असं होतं का? तुमच्या वाडीतल्या बुवांना आडून विचार, माझं नाव न घेता.

पोलिसांचं अण्णा विचारतीलच. त्याला उत्तर आहे: 1978 साली घरच्या बियरच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली, घरात दोन मोठी माणसं असली तर वर्षाला 200 गॅलन, विकायची मात्र नाही. तू तिकडे असले उद्योग करू नकोस, 1949 चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि तुझं करवंदाचं रेकॉर्ड चांगलं नाही.

लपवता येईल म्हणा. पण ते दर फोनला विचारतात, मध संपला का. संपला म्हटलं तर एवढा खोकला कुणाला झाला होता? आग्यामोहोळाला दगड कुणी मारला हे आपण दोघंही बोललो नव्हतो, तरी त्यांनी बरोबर तुलाच झोडपलं. (तूच मारला होतास. माझ्यापुरता हा विषय संपलाय.)

खरं सांगू, मला त्यांची परवानगी नकोच आहे. त्यांनी एकदा ग्लास नाकाशी धरावा आणि ‘कारवी’ म्हणावं. मग खुशाल घरातून निघून जावं, सुमाताईकडे मी सोडून येईन.

तुझी बदली साताऱ्याला झाली म्हणे, बरं झालं, घरचं जेवण. ओवीला बारावीसाठी शुभेच्छा. वरचा मजला झाला का? फोटो पाठव.

तर आता तू ठरव, अण्णांच्या कानावर कोण घालणार. तू घातलंस तर उत्तम, इथे पोचेपर्यंत त्यांचा राग तुझ्यावर निघून गेलेला असेल. या आठवड्यात कळव, सुमाताईच्या पोटात काही राहत नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. अण्णा बॅगेत आणखी दोन बाटल्या भरणार आहेत असं कळलं. बाटल्यांवरची लेबलं तेवढी खरवडून काढ रे, आत मध आहे हे कस्टमवाल्याला अण्णा मराठीत किती वेळ समजावणार?