साकामोतोसान, तो खोकला मी कापला नाही

आदरणीय र्‍युइची साकामोतोसान,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. २८ मार्च २०२३ ला तुम्ही गेलात, आणि असतात तरी तुम्ही जपानी संगीतकार, मराठी कुठून वाचणार होतात! पण आभार मनातल्या मनात ठेवून जमेना, म्हणून चारचौघांत मानतोय. तुमच्याच काही गोष्टी तुम्हालाच सांगितल्यासारखं होईल. त्या शेजारून वाचणाऱ्यांसाठी आहेत, एवढं समजून घ्या.

माझे बाबा पेटी वाजवायचे. पोटापाण्याचा धंदा तो नव्हे, पण चाळीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या गाण्याला साथ. यकृतात पसरलेला कर्करोग निघाला तेव्हा ‘चौथी स्टेज’ हे शब्द डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, बाबांकडे बघून नाही. बाबांनी ऐकलंच. घरी आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाले, “पेटी काढ.”

पेटी काढली. पण सलाईनच्या सुयांनी डावा हात असा सुजला होता की भाता हलेना. मग मी समोर बसलो आणि भाता मारायला लागलो. बोटं त्यांची, हवा माझी. हे वाटतं तितकं सोपं नाही. वाजवणारा पुढे कुठे थांबणार, कुठे उचलणार, हे भाता मारणाऱ्याला आधी कळावं लागतं. मला कळायचं नाही. ऐन तानेत हवा संपायची, नाहीतर गरज नसताना मी जोर लावायचो. “विहिरीचा उपसा काढतोयस का?” बाबा ओरडायचे. “हळू. सूर फाटतोय.”

हे सगळं मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. कशासाठी, ते घरात कुणी विचारलं नाही. रात्री ते झोपले की इअरफोन लावून फाइली साफ करायला बसायचो. खोकला कापायचा. धाप कापायची. “पाणी दे” कापायचं. एका संध्याकाळच्या सव्वासहा मिनिटांचं दीड मिनिट उरलं. ऐकायला अगदी स्वच्छ, पण कुणीही वाजवलं असतं असं. आणि मोबाइलमध्ये जागा हवी म्हणून मूळ फाइली मी उडवून टाकत होतो. त्याबद्दल आणखी काही लिहिवत नाही.

अशाच एका रात्री कापाकापी अर्धी टाकून तुमचा ‘१२’ हा अल्बम लावला. तुमची माझी ओळख तोवर ‘द लास्ट एम्परर’ या सिनेमापुरती, म्हणजे १९८८ साली ज्या संगीताला ऑस्कर मिळालं तेवढीच. इथे तसला थाट काही नव्हता. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर तुम्ही सिंथेसायझरवर आणि पियानोवर हात ठेवलात, तेही काही रचायचं म्हणून नाही, नुसतं आवाजात न्हाऊन निघावं म्हणून. जे निघालं ते रोजनिशीसारखं ठेवत गेलात. त्यातले बारा तुकडे १७ जानेवारी २०२३ ला, तुमच्या ७१ व्या वाढदिवशी, बाहेर आले. त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसत्या तारखा. पहिल्या तुकड्याची तारीख १० मार्च २०२१.

सगळेच तुकडे आवडले असं खोटं सांगणार नाही. एकदोन ऐकता ऐकता मला झोप लागली. अर्थात त्या दिवसांत झोप लागली ही तक्रार नव्हती.

पण पियानोच्या एका तुकड्यात मी दचकून इअरफोन काढला. बाबांना धाप लागली असं वाटलं. आत जाऊन पाहिलं तर ते शांत झोपलेले. परत येऊन ऐकलं तेव्हा उलगडलं, तो श्वास तुमचा होता. सुरांच्या मधे, चांगला ऐकू येईल असा, नाकातून जड येणारा. चाळीस-पंचेचाळीस वर्षं स्टुडिओत काढलेल्या माणसाला तो पुसता आला नसता असं थोडंच आहे? तुम्ही तो राहू दिलात.

मी त्या संध्याकाळची फाइल उघडली. खोकल्यावर खूण करून ठेवली होती, एक बटण दाबायचा अवकाश होता. खूण काढून टाकली आणि झोपलो. त्यानंतर एकही फाइल कापली नाही. साकामोतोसान, आभार मुख्यतः याचे.

आणखीही आहेत. बाबांचं आजारपण कळल्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द होता, लढा. “काका, तुम्ही लढवय्ये आहात.” “हार मानायची नाही.” माणसं प्रेमानेच म्हणायची, पण ती गेली की बाबा थकून जायचे, जणू पाहुण्यांसमोर तलवार धरून बसावं लागलं होतं. २०१४ मध्ये तुमच्या घशाचा कर्करोग निघाला, त्यातून तुम्ही परत कामाला लागलात, आणि जानेवारी २०२१ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाची बातमी स्वतः जाहीर केलीत. तेव्हा लढाईची भाषा केली नाहीत. यापुढे कर्करोगासोबत जगायचं आहे, अजून थोडा काळ संगीत करता येईल अशी आशा आहे, अशा अर्थाचं बोललात. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ‘थोडा काळ’ त्यांना फार पटलं. “बरोबर मागतोय माणूस,” म्हणाले.

आमची पेटी जुनी. मधल्या सप्तकातला गंधार अडकायचा, धैवत जरा उतरलेला. सूर बदलून घेऊ म्हणून मी मागे लागलो होतो. बाबा नको म्हणत होते. पेटी दुरुस्तीला गेली की दहाबारा दिवस तरी येणार नाही, हा त्यांचा सरळ हिशेब. तेव्हा तुमचा तो पियानो आठवला, २०११ च्या त्सुनामीत बुडालेला, जपानमधल्या मियागीतल्या एका शाळेचा. आधी तुम्हाला ते बुडून मेलेल्या पियानोचं प्रेत वाटलं होतं. पुढे विचार फिरला. लाकूड वाकवून, तारा ताणून माणूस निसर्गाला जबरदस्तीने सुरात बसवतो. लाटेने तो पियानो परत निसर्गाच्या सुरात नेला, असं तुम्ही म्हणू लागलात. आणि तो २०१७ च्या ‘एसिंक’ या अल्बममध्ये घेतलात. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी नाक मुरडलं. “बेसूर तो बेसूर. मोठा माणूस म्हणून काहीही खपवायचं?” तुमची बाजू घेऊन मी वाद घातला आणि हरलो. मात्र त्या दिवसापासून ते उतरलेल्या धैवतावर मुद्दाम जरा जास्त रेंगाळायचे, आणि माझ्याकडे बघून हसायचे.

शेवटीशेवटी एका बैठकीत दहा मिनिटंही निभेनात. तुमच्या डिसेंबर २०२२ च्या त्या ऑनलाइन पियानोवादनाने इथे वाट दाखवली. सलग मैफल करण्याइतकी ताकद उरली नव्हती, म्हणून टोकियोत एनएचके या प्रसारण संस्थेच्या स्टुडिओत दिवसाला थोडे थोडे तुकडे वाजवून ते आधीच रेकॉर्ड केलं होतंत. आम्हीही तेच केलं. सोमवारी अस्ताई, बुधवारी अंतरा. मधल्या दिवशी पेटी पलंगाखाली. एक भैरवी पुरी व्हायला नऊ दिवस लागले. तिच्यात माझ्या भात्याची ढिलाई आहे, कुकरची शिट्टी आहे आणि बाबांचा खोकला तीनदा आहे.

जाण्याआधी त्याच महिन्यात तुम्ही टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहिलंत, तिथल्या जिंगू गाइएन भागातली जुनी झाडं तोडू नका म्हणून. हे मला बाबा गेल्यावर कळलं. त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी शेवटच्या आठवड्यात गच्चीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालणार याची विचारणा चालवली होती, आणि आम्ही “ते सोडा हो आता” म्हणून विषय बदलत होतो.

बाबा जाऊन वर्ष होईल. फाइली एकूण ३१ उरल्या आहेत. मोबाइलने आपणहून दिलेल्या तारखा हीच त्यांची नावं. ताई म्हणाली, रागांची नावं घालू, शोधायला बरं पडेल. मी नको म्हटलं.

तुमच्या ‘१२’मधला शेवटचा तुकडा जेमतेम मिनिटभराचा, नुसती किणकिण. आमची शेवटची फाइल ४८ सेकंदांची आहे. बाबांचं बोट पट्टीवर आहे, पण दाबलेलं नाही. मी भाता मारतोय, जुन्या पेटीतून हवा कुठून कुठून गळतेय, तिची फुसफुस येते. मग बाबा म्हणतात, “थांब जरा.” मी थांबतो. पुढे वीसएक सेकंद कुणीच काही करत नाही, फक्त दोघांचे श्वास आहेत. त्यातला कुठला कुणाचा, ते मला ओळखता येतं.

आपला नम्र,
समोर बसून भाता मारणारा